रिकाम्या भांड्यांचा हिशेब
प्रस्तावना

चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या बांध्यांमध्ये आवत्या टाकला, म्हणजे धान थेट फेकून पेरलं, आणि त्याच रात्री पाऊस कोसळला, की सकाळी दाणा चार बोटं पाण्याखाली गेलेला असतो. साचलेल्या पाण्यात प्राणवायू फार थोडा. त्या जागी गहू असता तर कुजून गेला असता. धान मात्र तिथेच कोंब काढतं, आणि कोंब काढण्याची त्याची रीतही वेगळी. बुडालेलं धान मूळ रोखून धरतं आणि आधी एक पांढरट, बारीक, सरळसोट कोंब वर पाठवतं, हवेच्या दिशेने. कोंबाचं टोक पाण्याबाहेर आलं की मग मूळ आणि पान यांची पाळी. दाण्यातला साठा मोजका असतो. तो आधी कुठे खर्चायचा आणि कुठे हात आखडायचा, हे त्या एवढ्याशा दाण्यात ठरतं.

कोण ठरवतं? दाण्याला मेंदू नाही. पण त्याच्या पेशींमध्ये एक विकर असतं. विकर म्हणजे एन्झाइम, पेशीतली रासायनिक कामं उरकणारं प्रथिन. साखर संपत आली की हे विकर जागं होतं, दाण्यातल्या पिठाची साखर करणारी यंत्रणा सुरू करवतं आणि कोंबाला शिधा मिळतो. तैवानमधल्या संशोधकांनी २००९ साली भातातली ही साखळी उलगडून दाखवली: प्राणवायू कमी पडल्याची खबर आणि साखर कमी पडल्याची खबर एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि म्हणून भाताचं रोप पुरात तग धरतं. गोंदियाच्या शेतकऱ्याला यातला परिणाम पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यामागचं कारण मराठीत नीट सांगितलेलं मला कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पुस्तक.

धानातल्या त्या विकराचे भाऊबंद यीस्टमध्ये आहेत, माशीत आहेत, माणसात आहेत. माणसातल्या विकराचं नाव एएमपीके. पुस्तक मुख्यतः त्याच्याविषयी आहे, आणि त्यातही त्याच्या एका गोष्टीविषयी: पेशीत ऊर्जेचा तुटवडा आला की या विकराचा आकार बदलतो. पेशीपुरतं बोलायचं तर तुटवडा ‘कळणं’ म्हणजे हा आकार बदलणंच.

मला या विषयाकडे ढकललं ते एका प्रश्नाने. चोरखमारा हे तिरोडा तालुक्यातलं गाव. एका अंगाला नागझिऱ्याचं जंगल, त्यात शिरायचं एक दार याच गावाच्या नावाचं. दुसऱ्या अंगाला इंग्रजी अमलातलं मातीचं धरण आणि त्याच्या पाण्यावरचं धान. रोवणीचे दिवस होते. सकाळपासून कमरेत वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाया दुपारच्या भाकरीसाठी बांधावर बसल्या होत्या. मी विज्ञान शिकवतो हे कळल्यावर त्यांतली एक वयस्क बाई म्हणाली, “भूक लागली ते पोट सांगते, मास्तर. पाय थकले ते पायाले कोन सांगते?” मी काहीतरी उत्तर दिलं, रक्तातल्या साखरेचं. ते चुकीचं नव्हतं, पण तिने विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं. तिचा प्रश्न पायाविषयी होता. पायाच्या स्नायूतल्या एका पेशीला, बाहेरून कोणी न सांगता, आपली शिदोरी संपत आल्याचं कसं कळतं? त्याचं खरं उत्तर पुढच्या पानांवर आहे. ते द्यायला मला उशीर झाला.

उत्तराची सुरुवात एटीपीपासून. पेशीतलं जवळजवळ प्रत्येक खर्चाचं काम या रेणूवर चालतं. एटीपीला तीन फॉस्फेटचं शेपूट असतं. टोकाचा फॉस्फेट सुटला की काम होतं आणि उरतो तो दोन फॉस्फेटचा एडीपी. अन्न आणि प्राणवायू यांच्या जोरावर पेशी एडीपीला पुन्हा फॉस्फेट जोडून एटीपी करते. हे चक्र इतकं वेगाने फिरतं की माणूस दिवसभरात जवळपास स्वतःच्या वजनाइतका एटीपी बनवतो आणि मोडतो, आणि तरीही कोणत्याही क्षणी अंगात असतो तो अगदी थोडा. रोजच्या रोज दळून रोज खाणाऱ्या घरासारखी पेशीची तऱ्हा आहे. साठा नाहीच, चालू आहे ते जातं. जातं थांबलं तर काही क्षणांत उपास.

या रेणूच्या इतिहासात आपल्याकडचं एक नाव आहे, आणि ते घेतल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. १९२९ साली एटीपी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडला: जर्मनीत कार्ल लोहमान यांना, आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्क व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. दुसरं नाव मराठी घरातलं आहे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. मुलगी म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला गेला तेव्हा त्या सर सी. व्ही. रामन यांच्यासमोर ठाम उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं. प्राणवायूच्या साहाय्याने एटीपी बनवणाऱ्या साखळीतली ही एक महत्त्वाची कडी. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंध अवघ्या चाळीसेक पानांचा होता. म्हणजे धानाच्या पानातलं आणि रोवणी करणाऱ्या बाईच्या पिंढरीतलं जातं एकाच घडणीचं आहे, हे दाखवणाऱ्यांत आपली एक बाई होती. आपल्या शाळांमध्ये त्यांचं नाव जेवढं घ्यायला हवं तेवढं घेतलं जात नाही.

आता तुटवडा ओळखण्याचा प्रश्न. वाटेल की पेशीने एटीपी मोजावा; कमी झाला की धोक्याची घंटा वाजवावी. पण पेशी तसं करत नाही, आणि तिचं शहाणपण इथेच आहे.

समजा एका वस्तीत शंभर घरांची भांडी भरलेली आहेत, दहा घरं अर्धपोटी आहेत आणि एका घरातलं भांडं रिकामं आहे. भरलेलं घर म्हणजे एटीपी, अर्धपोटी म्हणजे एडीपी, रिकामं म्हणजे एकाच फॉस्फेटवर आलेला एएमपी. निवांत पेशीत या तिघांचं प्रमाण साधारण असंच असतं. आता या वस्तीत उसनवारीची एक रीत आहे. दोन अर्धपोटी घरं शेजारी आली की एक घर आपल्याकडचा दाणा दुसऱ्याला देतं. घेणाऱ्याचं भांडं भरतं, देणाऱ्याचं रिकामं होतं. दोन एडीपी मिळून एक एटीपी आणि एक एएमपी. ही देवाणघेवाण घडवणारं विकर पेशीत सतत काम करत असतं. त्याच्यामुळे अडचणीच्या वेळी थोडा एटीपी परत मिळतो. पण त्यातून आणखी एक गोष्ट घडते, आणि ती हिशेबाने बघण्यासारखी आहे.

काम वाढलं आणि अर्धपोटी घरं दहाची वीस झाली असं धरा. उसनवारीचा हिशेब मांडला तर भरलेली घरं शंभरावरून शहाऐंशीच्या आसपास येतात आणि रिकामी एकावरून साडेचारच्या पुढे जातात. भरलेल्या घरांकडे बघणाऱ्याला फरक जेमतेम जाणवेल: शंभरात चौदा. रिकामी भांडी मोजणाऱ्याला मात्र तीच गोष्ट चौपटीहून जास्त होऊन दिसेल. एएमपीके ही रिकामी भांडी मोजतं. म्हणून पेशीला तुटवडा फार लवकर कळतो, पोटात कावळे ओरडायच्या कितीतरी आधी.

मोजणं म्हणजे तरी काय? रेणू दुसऱ्या रेणूला मोजतो तो त्याला स्वतःत बसवून घेऊन.

एएमपीके तीन प्रथिनांचं मिळून बनलेलं असतं. अल्फा हा काम करणारा भाग. तो इतर प्रथिनांना फॉस्फेटचा शिक्का मारतो आणि त्यांची वागणूक बदलतो. बीटा सगळ्यांना बांधून ठेवतो. गॅमा हा मोजणारा. गॅमाच्या चकतीसारख्या घडणीत चार खिसे आहेत. त्यांतला एक रिकामाच राहतो. उरलेल्यांपैकी एकात बहुतेक वेळा एएमपी घट्ट बसलेला सापडतो, आणि इतरांमध्ये एएमपी, एडीपी, एटीपी यांची आवकजावक चालू असते. कोणत्या खिशाचं वजन किती, यावर अभ्यासकांमध्ये अजून बोलणं चालू आहे. मुख्य गोष्ट पक्की आहे: तिघांनाही जागा तीच, आणि ज्याची गर्दी वाढते त्याची बसण्याची संधी वाढते. एटीपी बसला तर तीन फॉस्फेटच्या शेपटामुळे खिशाच्या कडेची ठेवण एक होते. एएमपी बसला तर दुसरी. फरक अगदी बारीक, दोन-तीन अणूंच्या अंतराचा. पण तो फरक अल्फापर्यंत पोचतो, आणि तिथे त्याचं रूप फार मोठं होतं.

कसं, ते स्वतःच्या हाताने करून बघा. उजव्या तळहातावर शाईचा एक ठिपका द्या. हा ठिपका म्हणजे अल्फावरचा फॉस्फेट. अल्फाच्या साखळीतल्या १७२ व्या जागेवर थ्रिओनिन नावाचं अमिनो आम्ल आहे, त्याच्यावर तो बसतो. तो असेल तरच अल्फा जोमाने काम करतो. त्याच्यामुळे कामाचा वेग शंभर पटींहून जास्त वाढतो. पेशीत ठिपका देणारी विकरं आहेत, त्यांतलं मुख्य एलकेबी१. आणि ठिपका पुसणारीही आहेत. दोघंही सतत फिरत असतात. आता तो तळवा छातीशी दाबून धरा. ठिपका आत झाकला गेला. पुसणाऱ्याला तिथे पोचता येत नाही. खांदा म्हणजे गॅमा, दंड आणि कोपर म्हणजे अल्फातला एक लवचीक दोर. एएमपी गॅमात बसलेला असतो तेव्हा हा दोर गॅमाला मिठी मारून राहतो, तळवा छातीशी राहतो आणि ठिपका टिकतो. आता एएमपी काढून त्या जागी एटीपी बसवा. मिठी सैल होते. हात लांब जातो, आणि जाता जाता तळवा पूर्ण उलटा, बाहेरच्या बाजूला फिरतो. ठिपका उघड्यावर. पुसणारा येतो आणि पुसून जातो. विकर निजतं.

हे मी समजावण्यासाठी बेतलेलं चित्र नाही. लंडनच्या मिल हिल इथल्या संशोधकांनी २००७ मध्ये गॅमाचे खिसे आणि २०११ मध्ये एएमपीकेच्या जाग्या रूपाची घडण स्फटिकांवरून उलगडली, आणि एडीपीही ठिपका राखायला मदत करतो हे दाखवलं. निजलेलं रूप मात्र बराच काळ हाती येईना. कारण सोपं आहे: निजलेलं एएमपीके स्थिर नसतं, लांब गेलेला हात सारखा हलत असतो, आणि हलणाऱ्याचं चित्र निघत नाही. शेवटी त्या निजलेल्या रूपालाच चिकटतील अशी प्रतिपिंडं बनवून अमेरिकेतल्या एका गटाने त्याला पकडलं, गोठवलं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. २०२१ साली ते चित्र प्रसिद्ध झालं. अल्फाचा काम करणारा भाग १८० अंशांत फिरलेला होता आणि शंभर अँगस्ट्रॉम दूर गेलेला होता. शंभर अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा लाखावा भाग. आपल्याला हे काहीच नाही. पण रेणूच्या मापाने बघाल तर खिशातल्या दोन-तीन अणूंच्या फरकाने अख्खा हात खांद्यापासून फेकला गेला आहे.

इथे क्षणभर थांबावं असं मला नेहमी वाटतं. या विकराला आपण सवयीने ‘बटण’ म्हणतो, चालू-बंद. तो शब्द दिशाभूल करणारा आहे. एएमपी प्रत्यक्ष ठिपका देत नाही. तो थोडा वेग वाढवतो हे खरं, पण त्याचं मोठं काम राखण करण्याचं आहे. पुसला जाणारा ठिपका त्याच्यामुळे जास्त वेळ टिकतो. देणारे आणि पुसणारे दोन्ही हात चालूच असतात, आणि आकार फक्त पारडं झुकवतो. म्हणून तुटवडा थोडा असेल तर जाग थोडी, जास्त असेल तर जास्त. तलावाच्या पाणी सोडायच्या दारावरची राखण जशी पाऊस बघून कमीजास्त होते, तशी.

जागं झाल्यावर हे विकर काय करतं, ते पुस्तकाच्या दुसऱ्या भागात सविस्तर आहे. इथे धावतं सांगतो. चरबी बनवणं थांबवतं आणि साठलेली चरबी जाळायला मोकळी करतं. कोलेस्टेरॉल बनवणं थांबवतं. स्नायूत रक्तातली साखर ओढून घेण्याची वाट उघडायला मदत करतं. नवी प्रथिनं बांधण्याचं खर्चिक काम मागे सारतं, आणि पेशीतली जुनी मोडतोड जाळून वापरायला लावतं. गंमत अशी की १९७३ साली दोन वेगळ्या प्रयोगशाळांना या विकराची दोन वेगळी कामं दिसली होती. एकीला चरबीचं काम थांबताना, दुसरीला कोलेस्टेरॉलचं. दोन्ही एकाच हाताची आहेत हे १९८७ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथे ग्रॅहम हार्डी यांच्या गटाने दाखवलं. मधली चौदा वर्षं एकच राखणदार दोन नावांनी वावरत होता.

मोजणारा खिसाच बिघडला तर काय होतं, याची दोन उदाहरणं मनात राहण्यासारखी आहेत. हॅम्पशायर जातीच्या काही डुकरांच्या स्नायूत ग्लायकोजेनचा साठा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. २००० साली कळलं की गॅमाच्या एका प्रकारातलं एकच अमिनो आम्ल बदललं आहे. पुढच्याच वर्षी माणसांत, हृदयाच्या एका आनुवंशिक दुखण्यात, गॅमाच्या दुसऱ्या प्रकारात असेच बदल सापडले. हृदयाच्या पेशी नको इतका ग्लायकोजेन साठवतात आणि ठोक्यांची वाट चुकते. भरलेल्या कोठाराला कोठार रिकामं वाटत राहावं, असा तो बिघाड. रेणूच्या एका खिशाची ठेवण बदलली आणि माणसाच्या छातीत धडधड सुरू झाली, इतका हा धागा सलग आहे.

गोंदियाच्या वाचकाला हा विषय सगळ्यांत जवळ येतो तो मेटफॉर्मिनच्या गोळीतून. मधुमेहाची ही गोळी आज खेड्यापाड्यातल्या घरातही दिसते. ती पेशीतल्या त्या जात्याचा वेग थोडा कमी करते. रिकामी भांडी वाढतात, आणि एएमपीके जागं होतं. २००१ साली हा संबंध पुढे आला तेव्हा मोठा आनंद झाला होता. पुढे २०१० मध्ये यकृतात एएमपीके नसलेल्या उंदरांवरही गोळीचा परिणाम दिसला. म्हणजे गोळीची वाट या एकाच दारातून जात नाही. मी हे मुद्दाम लिहितो, कारण ‘एएमपीके जागं करणारं’ म्हणून पावडरी आणि गोळ्या विकल्या जातात, आणि त्या विकत घेणारा माणूस बहुधा कष्टाने कमावलेले पैसे मोजत असतो. चालणं, राबणं आणि दोन जेवणांमध्ये अंतर राखणं यांनी हे विकर जागं होतं, हे खरं. त्यासाठी डबा विकत घ्यावा लागत नाही. आणि जी बाई रोज रिकाम्या पोटी राबते तिला हे विकर जागं करण्याचा सल्ला कोणी देऊ नये. तिला जेवण द्यावं.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आईचा तुटवडा तिच्या बाळापर्यंत पोचतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला, तो आजही चालू आहे. त्यातून दिसलं की आपल्याकडची बाळं जन्मतः वजनाला कमी असतात, पण त्यांच्या अंगात त्या मानाने चरबी जास्त असते. कृश दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का होतो, याचा एक धागा तिथे सापडतो. आईच्या पोटात असतानाचा तुटवडा शरीर पुढे किती वर्षं लक्षात ठेवतं, आणि त्यात या राखणदाराचा वाटा किती, हे अजून शोधायचं आहे. तो शोध घेणारी मुलं तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनीच्या शाळांतूनही यावीत, या आशेने हे पुस्तक लिहिलं आहे. तिथल्या मुलांनी तुटवडा आणि उसनवारी पुस्तकात वाचायच्या आधी घरी पाहिलेली असते.

शब्दांविषयी थोडं. विकर, प्रथिन, पेशी हे शब्द शाळेतले आहेत, ते तसेच ठेवले. एटीपी, एएमपीके यांना मराठी नावं पाडली नाहीत, कारण पुढे शिकताना मुलांना हीच नावं भेटणार आहेत. आकृत्या मात्र सगळ्या हाताच्या ठेवल्या आहेत: खांदा, दंड, तळवा, ठिपका. सूत्रं शेवटच्या प्रकरणात आहेत. आधी आकार कळावा, मग सूत्र, असा माझा आग्रह आहे, कारण या विषयात आकार हाच अर्थ आहे.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक करा. पाणी उकळून गार करा, काचेचा एक पेला काठोकाठ भरा, त्यात धानाचे दहा आणि गव्हाचे दहा दाणे टाका आणि वर झाकण ठेवा. चार-पाच दिवस हलवू नका. गव्हाला कोंब फुटणार नाही. धानातून पांढरा कोंब वर निघालेला दिसेल, मुळाशिवाय.